आयफेल टॉवरच्या चार काड्या

ऑक्टोबरचं ऊन पाठीला चटका द्यायला लागलं, की माझा हात सवयीनं दाराआडच्या खिळ्याकडं जातो. तिथं छाटणीची कात्री टांगलेली असते. यंदाही हात गेला, पण कात्री खाली काढावी असं वाटलं नाही. गच्चीवर सात कुंड्या आहेत. सातांतही गुलाब आहेत आणि पावसाळ्यात ते वेडेवाकडे वाढलेत. आता त्यांचं पाणी तोडायचं, मुळं उघडी करायची, फांद्या निम्म्यावर आणायच्या, हे सगळं मला पाठ आहे. पण पाठ असलं म्हणून गुडघे वाकत नाहीत. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिलो. समोर सांगलीचं आभाळ धुळकट पांढरं, आणि खालच्या रस्त्यानं हंगामाची पहिली उसाची गाडी करकरत चाललेली.

सुनेनं विचारलं, यंदा छाटणी नाही का? म्हटलं, बघू. आताशा मी बऱ्याच गोष्टींना बघू म्हणतो.

गेल्या महिन्यात रोपवाटिकेत गेलो होतो. गुलाबी गुलाब दाखवा म्हटल्यावर तिथल्या मुलीनं सहा जाती दाखवल्या. एकेक फूल सरळ दांडीचं, मेणातून काढल्यासारखं, आठ दिवस टिकणारं. मी वाकून वास घेतला तर काहीच आलं नाही. पुन्हा घेतला. ती म्हणाली, “आजोबा, वासाचं आता कुणी विचारत नाही. टिकायला पाहिजे.” तिचं बरोबरच असेल. मी तिला एक नाव विचारलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत मला फार दमल्यासारखं झालं, आणि ते चालण्यामुळं झालं नव्हतं.

ते नाव होतं आयफेल टॉवर.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते साताऱ्यात, मुजावर सरांच्या अंगणात. सर आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावातून आलेलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. कॉलेजात पहिल्या वर्षी मला इंग्रजी पुस्तकाची दोन पानं वाचायला एक संध्याकाळ लागायची. सरांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. एक दिवस प्रयोगशाळेत मला थांबवून म्हणाले, त्यांच्या घराच्या पडवीला एक खोली आहे, रिकामीच असते, तिथं येऊन वाचत बस, अडलं तर विचार. तीन वर्षं मी त्या खोलीत वाचलो. अर्ज कसा भरायचा हे मी तिथंच शिकलो आणि सूक्ष्मदर्शकातून एक डोळा न मिटता कसं बघायचं तेही तिथंच. मी पदवीधर झालो तो त्या पडवीत. हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. पुढचं मात्र फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

सरांचं घर अजिंक्यताऱ्याच्या उताराला होतं. घर लहान, अंगण मोठं. अंगणात पंचवीस-तीस गुलाब. त्यांत सगळ्यांत उंच हा टॉवर. माणसापेक्षा वीतभर वरच, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्याकडं डोकावणारा. पुण्याच्या एका प्रदर्शनातून सरांच्या मित्रानं त्याची काडी आणली होती, सरांनी तिच्यावरचा डोळा स्वतःच्या हातानं रानगुलाबाच्या खुंटात भरला होता, आणि त्यांच्या माहितीत साताऱ्यात दुसरा नव्हता. कळी बोटाएवढी लांब, टोकाला निमुळती, वरून गडद गुलाबी. उमलताना आतला फिका रंग हळूहळू बाहेर यायचा. वास तर असा, की सकाळी पडवीचं दार उघडलं की आधी तो आत यायचा आणि मागून उजेड.

पण बागा करणाऱ्यांत त्याची कीर्ती काही निव्वळ चांगली नव्हती. साताऱ्यात त्या वेळी गुलाब लावणारी दहा-बारा घरं होती, आणि त्या घरांत टॉवरला नावं ठेवणारे बरेच. नुसता उंच वाढतो, अंगानं भरत नाही. कळी राजाची, पण ऊन चढलं की भसकन उघडतो आणि दुपारी बघवत नाही. काटे अगदी थोडे, म्हणून पहाटे देवपूजेला परड्या घेऊन फिरणाऱ्यांचा पहिला हात त्याच्यावर पडतो. ही शेवटची तक्रार खरी होती. सरांची बायको, जिला आम्ही सगळी मुलं चाची म्हणायचो, ती फजरच्या नमाजानंतर भिंतीशी खुर्ची टाकून बसायची. परडीवाल्या बायका दिसल्या की म्हणायची, “घ्या गं, एक घ्या. पण कळी नगं, उमललेलं घ्या. कळी त्यांची हाय.” त्यांची म्हणजे सरांची.

थंडीत एका शाळेच्या हॉलमध्ये गुलाबांचं प्रदर्शन भरायचं. सर दर साली टॉवरची एक कळी न्यायचे. सकाळी आठ वाजता काचेच्या बाटलीत ठेवली, की हॉलमधली सगळी माणसं तिच्याभोवती. परीक्षक यायचे अकराला. तोवर टॉवर आपला सगळा पसारा उघडून बसलेला असायचा, पाकळ्या मागं वळलेल्या, मधले पिवळे केसर दिसायला लागलेले. बक्षीस दुसऱ्याला. एक निवृत्त इंजिनिअर होते, सरांचे जुने दोस्त आणि जुने प्रतिस्पर्धी. ते म्हणायचे, “मुजावर, तुमच्या टॉवरला सांगा, परीक्षक येईपर्यंत जरा दम धर.” सर हसायचे. परतताना मला म्हणाले होते, “अरे संपत, डोळ्यांनी बघणाऱ्यांना तो दुपारपर्यंतच पुरतो. नाकाला मात्र पाकळ्या गळल्यावरही पुरतो. परीक्षेत नाकाला गुण नाहीत, त्याला तो काय करणार?”

माझ्या लेखी ऑक्टोबर दोन होते. एक गावाकडचा, म्हणजे ऊस तुटण्याचा. आमच्याकडं ऊस कोयत्यानं अगदी जमिनीलगत तोडतात, आणि खोडवा राखायचा असेल, म्हणजे त्याच मुळांवर पुढचं पीक घ्यायचं असेल, तर उरलेले बुडखेही तासून मातीबरोबर करतात. वर बोटभर जरी राहिलं तरी तिथली फूट हलकी येते, वाऱ्याला मोडते. बुडातून, मातीच्या आतून जे फुटवे येतात ते जोमदार. आमचे वडील, आण्णा, या कामात गावात नावाजलेले. खोडवा राखावा तर आण्णानं, असं लोक म्हणायचे. दुसरा ऑक्टोबर साताऱ्याचा. त्यात सर दसरा झाला की गुलाबांचं पाणी तोडायचे, आळ्यातली माती उकरून मुळांना चार दिवस ऊन दाखवायचे आणि मग कात्री घ्यायचे. प्रत्येक फांदीपाशी थांबायचे. डोळा बाहेरच्या बाजूला असेल त्याच्यावर पाव इंच सोडून तिरका काप. कापलेल्या जागेला निळं औषध. मग शेणखत, निंबोळी पेंड आणि पाणी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फूल. त्या दिवसांत अंगणाला पेंडीचा कडवट वास यायचा आणि चाची कुरकुर करायची, की ह्यांच्या गुलाबापायी माझा चहासुद्धा कडू लागतो.

दोन्ही ऑक्टोबरांत कापायचंच असतं. पण कुठं कापायचं यात सगळं असतं, हे मला तेव्हा ठाऊक होतं. ते कुणाला सांगावं लागेल, हे मात्र सुचलं नव्हतं.

मी बी. एस्सी. झालो तेव्हा सरांनी एका डब्यात वाढवलेलं टॉवरचं रोप मला दिलं. रानगुलाबाच्या खुंटावर त्यांनी स्वतः डोळा भरलेला होता. जोडाच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, याच्या खालून काही फुटलं तर ते आपलं नाही, ते रानाचं. लगेच काढायचं. पान मोज. टॉवरला एका देठावर पाच, रानाला सात. सात पानांची फूट दिसली की समज. मी मान हलवली. डबा मांडीवर घेऊन एसटीनं गावी गेलो. कंडक्टर म्हणाला, हे पोरगं अर्ध्या तिकिटाचं की बिनतिकिटाचं? सगळी एसटी हसली. मला त्या दिवशी कशाचाच राग येत नव्हता.

आण्णांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, “मास्तरनं दिलं?” व्हय म्हटल्यावर घरामागच्या परड्यात विहिरीच्या पाटाशी, घरातली सगळ्यांत चांगली माती होती तिथं खड्डा काढला. तिथं आईची मेथी होती. आईनं ती उपटून भाजीला घेतली. पुढं आल्यागेल्याला आण्णा ते झाड दाखवायचे. पोरगं पास झालं ते कागद दाखवून त्यांना सांगता यायचं नाही, कागद त्यांना वाचता येत नव्हता. झाड दाखवता यायचं. “आमच्या संपाच्या मास्तरनं दिलंय. असलं साताऱ्यात एक आन् हितं एक.”

मला पाटणच्या हायस्कुलात नोकरी लागली. कोयनेकाठचं गाव, पावसाळ्यात चार महिने कपडे वाळायचे नाहीत. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात घरी जाऊन छाटणी मी केली. दुसऱ्या वर्षी सहामाहीचे पेपर गळ्यात पडले, तीन वर्गांचे. मी घरी कार्ड टाकलं. शेजारच्या मुलीनं ते आण्णांना वाचून दाखवलं असणार. त्यात खुशाली होती, थंडीची गोधडी पाठवा असं होतं, आणि शेवटी एक ओळ: गुलाबाची छाटणी राहिली आहे, ती करावी. एवढंच. किती उंचीवर ते लिहिलं नाही. जोडाचं लिहिलं नाही. कार्डावर जागा होती, आज आठवलं तर दोन बोटं कोरी जागा होती.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर सरांचं पत्र आलं. अक्षर थोडं थरथरलेलं. दम्यानं त्रास दिला असं एका ओळीत, आणि बाकीचं सगळं टॉवरबद्दल. पाऊस फार झाला, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या, कात्रीनं मागं मागं हटत गेलो, शेवटी खुंटाशी पोचलो. झाड गेलं. पुण्याच्या मित्राकडंही आता नाही. तुझ्याकडचं आहे ते बरं झालं. दिवाळीत येताना त्याच्या चार काड्या आण. फूल गळून गेलेल्या फांदीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ओल्या फडक्यात. माझ्याकडं चार डब्यांत चार खुंट तयार आहेत. एवढे डोळे भरले की मी मोकळा.

मी ते पत्र शाळेच्या व्हरांड्यात दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत सरांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मला खूप आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं झाड गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून, आपल्याला देण्यासारखं काही आहे याचा आनंद जास्त होता.

दिवाळीला गावी पोचलो तो पिशवी न ठेवताच परड्यात गेलो. आण्णा मागोमाग आले. विहिरीच्या पाटाशी भलंमोठं झुडूप उभं होतं. बारा-पंधरा लांबलचक फांद्या, कमानीसारख्या वाकलेल्या, आणि सगळ्या अंगभर काटे. टॉवरला काटे मोजून काढावेत एवढे. मी एक पान धरलं. सात. दुसरं धरलं. सात.

“एकच दांडकं हुतं,” आण्णा म्हणाले. “तू लिव्हलंस तसं तोडलं. बुडाला घासून, खोडव्यावानी. आता बघ फूट कशी आलीया. आन् काटं बी झकास आलं, आता कोण हात लावंल?”

फूल आलं का, असं मी विचारलं.

“यील की. औंदा नुसता अंगानं वाढतोय. जोर धरलाय गड्यानं.”

ज्या कामात त्यांना गावानं मान दिला, ते काम त्यांनी माझ्या सरांच्या झाडावर सगळं कसब लावून केलं होतं. मी पदवीधर. मला नीट शब्दांत सांगता आलं असतं, की आण्णा, हे झाड दोन जिवांचं असतं, जोडाखाली रान आणि वर टॉवर, आणि तुम्ही तोडला तो टॉवर. पण मग त्यांनी बारा फुटव्यांकडं पुन्हा कसं बघितलं असतं? मी म्हटलं, सरांना चार काड्या हव्यात, आजच पोचवायच्यात. त्यांनी लगेच विळा आणला, चांगल्या सरळ काड्या निवडल्या, ओल्या गोणपाटात बांधल्या, वर केळीचं पान गुंडाळलं. बांधताना म्हणाले, “संपा, त्या न्हाणीमागं बी येक हाय, जरा बघून घी...”

मी म्हटलं, “ऱ्हाऊ द्या आण्णा. एसटी चुकंल.”

एसटीला अजून तास होता. मला फक्त तिथून निघायचं होतं.

कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. गोणपाट मांडीवर. दोनदा वाटलं, खिडकीतून टाकून द्यावं आणि सरांना सांगावं की झाड मेलं. खोटं सांगणं सोपं होतं. पण गाठी आण्णांनी मारल्या होत्या, त्या सोडवेनात.

सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. डबे खाटेवरून दिसतील असे पडवीत ओळीनं मांडलेले, चारही खुंट हिरवे, करंगळीएवढे जाड झालेले. चाचीनं डोळा भरायची छोटी सुरी धुऊन, पुसून पाटीवर ठेवली होती, डोळा बांधायला सुतळीऐवजी केळीच्या सोपटाच्या पट्ट्या भिजत घातल्या होत्या. सरांनी गोणपाट सोडलं. एक काडी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला, काटा टोचला. पान बघितलं. मोजलं नाही, त्यांना मोजायची गरज नव्हती.

“छाटणी कोणी केली?”

“वडिलांनी.”

“बुडातून?”

“हो सर. उसासारखी.”

त्यांनी काडी मांडीवर आडवी ठेवली. मग थोडं हसले, आणि हसण्यानं त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. जो बुडातून राखतो त्यानं बुडातूनच राखायचं. जोड मी तुला दाखवला, त्यांना दाखवायला हवा होता. माती त्यांच्या हाताखाली होती.” त्यांनी मला विचारलं, वडिलांना काही बोललास का? नाही म्हटल्यावर म्हणाले, बोलू नकोस.

मग काहीतरी आठवल्यासारखी त्यांनी मान वर केली. “आणि वरच्या तोडलेल्या काड्या? त्यांचं काय केलं त्यांनी?”

“टाकल्या असतील, सर.”

“हं,” सर म्हणाले, आणि काडी पुन्हा गोणपाटात ठेवली.

त्यांनी माझ्यादेखत आण्णांना कार्ड लिहिलं. काड्या पोचल्या, आपण निगुतीनं पाठवल्या, आभारी आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते कार्ड आण्णांनी आढ्याच्या वाशात खोचून ठेवलं होतं, चुलीच्या धुरानं ते पिवळं पडेपर्यंत. चाचीनं भिजलेली सोपटं उचलून बाहेर टाकली. सुरी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवली. मला चहा दिला, आणि त्या दिवशी तो खरंच कडू लागला.

पुढच्या आषाढात सर गेले. मला पाटणला तार पोचली ती तिसऱ्या दिवशी, घाटात दरड आली होती.

इतकी वर्षं मुलांना शिकवलं. वनस्पतिशास्त्रच शिकवलं. कलम, खुंट, डोळा, जोड. फळ्यावर आकृती काढायचो, बाण दाखवायचो. वर्गात बऱ्याच मुलांचे वडील उसवाले. आकृती संपली की मी त्यांना सांगायचो, घरी जाऊन ही वडिलांना दाखवा. मुलं हसायची. परीक्षेला येणार नाही ते सर का सांगतात, असं त्यांना वाटत असेल. एखाददुसऱ्यानं दाखवलीही असेल. माणूस शिकतो म्हणजे आपल्या घरापासून एक वीत वर उमलतो, आणि मग खाली बघायचं त्याला सुचत नाही. सुचलं तरी एसटीची वेळ झालेली असते. याचा पश्चात्ताप मी पुष्कळ केला. आता पश्चात्तापही म्हातारा झाला आहे, माझ्याबरोबर जिन्याच्या पायरीवर नुसता बसून असतो.

त्या सालच्या डिसेंबरात, सर गेल्यानंतरच्या थंडीत, मी दोन दिवसांसाठी घरी गेलो. सकाळी जाग आली ती वासानं. डोळे उघडायच्या आधी मला वाटलं मी साताऱ्याच्या पडवीत आहे. उठून बसलो. आई देवापुढं बसली होती, आणि ताम्हनात एक कळी होती. बोटाएवढी लांब, टोकाला निमुळती.

मी विचारलं, हे कुठलं?

“न्हाणीमागल्या बारक्याचं,” आई म्हणाली. “आण्णानं तवा गुलाब तोडला न्हवं का, तर वरच्या काड्या टाकवना त्येंला. उसाच्या बेण्यावानी दोन-दोन डोळ्यांच्या कांड्या केल्या आन् सरी काढून आडव्या पुरल्या. धा पुरल्या. नऊ कुजल्या. ह्यो येक ऱ्हायला.”

मी न्हाणीमागं गेलो. सांडपाण्याच्या पाटाशी दोन हात उंचीचं किडकिडं रोप होतं. तीन फांद्या. पानं पाच-पाच. गेल्या दिवाळीत ते हातभर तरी असणार, म्हणजे माझ्या उभं राहण्याच्या जागेपासून पंधरा पावलांवर. त्यावर तेव्हा चार-सहा डोळे नक्की होते.

आण्णा बैलांना वैरण टाकत होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, “थोरल्याला फूल न्हाई, वास न्हाई. बारक्याला हाय. तवाच तुला दावणार हुतो. म्हनलं, संपा बाटनी शिकलाय, त्येला ठावं असंल कंचं न्यायाचं.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “मास्तरकडं आलं का रं फूल?”

सर गेल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. तरी त्यांनी असं विचारलं. झाड त्यांच्या हिशेबी चालूच होतं.

ते रोप पुढं पाच-सहा वर्षं जगलं. मी त्याचे डोळे काढून भरून बघितले, तीन-चार हिवाळे. एकही धरला नाही. तो हात सरांचा होता. मग न्हाणीला फरशी झाली, पाट बुजवला, आणि ते गेलं. विहिरीजवळचा थोरला मात्र अजून आहे. त्याचं आता कुंपण झालंय.

पण त्या दिवशी मी देवापुढची कळी आईला मागून घेतली. तिनं ताम्हनातून उचलून दिली, देवाला काही वाटणार नाही म्हणाली. काड्या घेतल्या नाहीत. कुणासाठी घ्यायच्या? ओल्या रुमालात कळी धरून पहिल्या एसटीत बसलो. इस्लामपुरात ती मिटलेली होती. कऱ्हाडला खिडकीतून ऊन आलं, मी जागा बदलली, तरी ती सैल व्हायला लागली. उंब्रज सोडताना पाकळ्या मागं वळल्या. मी रुमाल चारी बाजूंनी वर धरला. साताऱ्याला उतरलो तेव्हा दांडी एकीकडं, आणि रुमालात मूठभर पाकळ्या.

चाची भिंतीशी खुर्ची टाकून बसली होती, दुपारची. भिंतीवरून डोकावणारं आता काही नव्हतं. पडवीत चारही डबे ओळीनं तसेच, खुंट छपरापर्यंत वाढलेले, त्यांना कुणी कात्री लावली नव्हती. मी रुमाल तिच्या ओंजळीत दिला. तिनं तो उघडून बघितला नाही. तसाच नाकाशी नेला आणि धरून ठेवला.

मग म्हणाली, “ह्योच. कुटं हुता रं इतकं दीस?”

“घरीच होता, चाची,” मी म्हणालो.